भर समुद्रात लाट फुटत नाही

पडदा वर जातो.

समोर एक लांबट खोली. नाट्यगृहाच्या मागची, एके काळी आमच्या कंपनीच्या कपडेपटाची. भिंतीला लाकडी खुंट्यांची रांग. तिच्यावर आता राजाचे झगे नाहीत, एक टॉवेल आणि एक छत्री आहे. खिडकी बंद. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून तिच्या फटींत जुन्या पांघरुणाचे तुकडे कोंबलेले. मधोमध स्टुलावर एक तरुण, कानाशी मोबाइल. त्याच्या पायांशी चटईवर एक म्हातारा मांडी घालून बसलेला. त्याच्या हातात एक रुंद, उथळ परडी. तिच्या तळाला कातडं ताणून बसवलेलं आणि आत दोन मुठी सुके वाटाणे. तरुण डोळ्यांनी खूण करतो. म्हातारा परडी हलकेच एका अंगाला कलती करतो. वाटाणे सरसरत काठापर्यंत जातात, तिथे फुटून पसरतात, पुन्हा मागे ओढले जातात, आणि त्या बंद खोलीत समुद्र येतो.

“हो आई,” तरुण फोनमध्ये म्हणतो, “डेकवरच उभा आहे.”

ही खोली मी शेकडो वेळा पाहिली आहे. हा प्रवेश मात्र माझ्या पाठीमागे चालला होता. तो मला सांगितला त्या म्हाताऱ्यानेच, आणि सांगताना त्याची मान एकदाही वर झाली नाही.

त्या म्हाताऱ्याला आम्ही ढगमामा म्हणायचो. कंपनीत आवाजांचं खातं त्यांचं. पत्रा हलवून ते ढग गडगडवायचे, करवंट्या आपटून घोडदौड करायचे, ओल्या दोरीला हात घासून जुना दरवाजा करकरवायचे. एका दुःखी नाटकात माझं वाक्य होतं, “किती ही शांतता!” आणि नेमका त्याच क्षणी मामांचा पत्रा खिळ्यावरून निसटला. प्रयोगानंतर मॅनेजर त्यांना एवढंच म्हणाले, “मामा, उद्यापासून शांतता जरा हळू वाजवा.” मामा आमच्यापेक्षा जास्त हसले. राग त्यांच्या नाकावर नव्हताच, कुठल्या खिशातही नव्हता.

पण एक सल होता, तो मला फार उशिरा कळला. आमच्या जाहिरातीत खुर्च्या भाड्याने देणाऱ्याचं नाव असायचं, ढगमामांचं नसायचं. लोक मला येऊन सांगायचे, बाई, तुम्ही नाटकात त्या किनाऱ्यावर उभ्या राहायचात ना, अंगावर काटा यायचा. काटा माझ्यामुळे यायचा की परडीतल्या वाटाण्यांमुळे, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही, लोकांनी तर नाहीच नाही. मामांची थोरली बहीण एकदा, एकदाच, नाटकाला आली. पहिल्या रांगेत बसून तिने अख्खं नाटक पाहिलं, आणि नंतर आत येऊन भावाला म्हणाली, “मी सारखी वाट बघत होते. तू आलाच नाहीस.” मामांनी समजावलं की मी मागे असतो, आवाज करतो. तिला वाटलं, भाऊ पडदे बिडदे ओढत असेल. तिने त्याचा गाल थोपटला आणि गाडी पकडायला निघून गेली.

ही बहीण म्हणजे मामांची आईच. आई लवकर गेली, तेव्हा हिने शाळा सोडून शिवणयंत्र धरलं आणि शाळेच्या गणवेशांच्या बाह्या शिवून शिवून भावाला वाढवलं. पुढे लग्न झालं, नवरा गेला, पदरात एक मुलगा राहिला. पुन्हा तेच यंत्र, त्याच बाह्या. मामांना ती ‘बारक्या’ म्हणायची. साठी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस त्या हाकेसरशी सरळ उभा राहायचा.

आता आमच्या प्रांताबद्दल सांगायला हवं. आम्हाला समुद्र नाही. नकाशावर चारी बाजूंनी दुसऱ्यांची जमीन. नदी आहे, तीही उन्हाळ्यात आजारी असते. आणि तरी, का कोण जाणे, देशाच्या नौदलात आमच्याकडची मुलं रांगा लावून जातात. भरतीला येणारे अधिकारी हसून म्हणायचे, ज्याने पाणी पाहिलेलंच नाही तो पाण्याला कशाला भिईल? नौदलातल्या एका जहाजाला तर आमच्या प्रांताचंच नाव आहे. त्याचं रंगीत चित्र सरकारी कचेरीत, शाळांत, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे. माणसं त्या जहाजाबद्दल असं बोलतात, जसं काही ते गावाबाहेरच्या तळ्यातच नांगरलंय.

मामांचा भाचा त्या भरतीत निवडला गेला, तेव्हा अख्ख्या गल्लीने त्याला खांद्यावर घेतलं. निघण्याआधीच त्याचं नाव ‘खलाशी’ पडलं. हार घातले, फोटो काढले, आणि ज्या शेजाऱ्याने त्याला कधी सायकल दिली नव्हती त्याने भाषण केलं. आईने प्रांताच्या नावाच्या त्या जहाजाचं चित्र काचेत बसवून आणलं. मुलगा अजून बराकीतही पोचला नव्हता, पण तिच्या हिशेबी तो याच जहाजावर चढला होता.

प्रशिक्षणात मुलांना पाण्याच्या खोल टाकीत उतरवतात. तिथे दाबाने खलाशाच्या कानाचा पडदा फाटला. औषधपाणी झालं, ऐकू यायला लागलं, पण तो कान पुन्हा जहाजावर नेण्याजोगा राहिला नाही. नौदलाने त्याला सन्मानाने घरी पाठवलं. पडद्याने आमच्यासारख्यांची आयुष्यभर पोटं भरली. या मुलाचं नशीब एका पडद्यानेच फाडलं. चूक कुणाचीच नव्हती. पण ज्या गल्लीतून माणूस खांद्यावरून निघाला, तिथे चालत परत जाणं फार अवघड. तो घरी गेलाच नाही. पिशवी घेऊन सरळ मामा राहायचे त्या कपडेपटाच्या खोलीवर आला आणि म्हणाला, चार दिवस राहू दे, मग आईला सांगतो.

त्या चार दिवसांत मामांनी त्याला बटाट्यांच्या शीतगृहात काम मिळवून दिलं. आणि पहिल्याच रविवारी आईचा फोन आला. प्रशिक्षण संपलं का, जहाज मिळालं का, असं तिने विचारलं. मुलाच्या तोंडून ‘मिळालं’ असं निघून गेलं. तेवढ्यात खिडकीखालून हातगाडी चालली होती. “कांदे घ्या, कांदे,” हाळी आली.

आईने विचारलं, जहाजावर कांदेवाला कसा?

खलाशी पांढराफटक. मामांनी विचार केला नाही. कलावंताचे हात विचार करत नाहीत. खुंटीवरची परडी त्यांनी खाली घेतली आणि कांदेवाल्यावर लाट घातली.

मग आई म्हणाली, “हा समुद्र का रे? थांब, तू बोलू नकोस. मला नुसतं ऐकू दे.”

मामांनी वाजवला. बऱ्याच दिवसांनी वाजवत होते ते; कारण कंपनीने तोवर तयार आवाजांचं यंत्र आणलं होतं आणि मामांकडे नाट्यगृहाच्या किल्ल्या सोपवल्या होत्या. आई ऐकत राहिली, आणि शेवटी तिने सुस्कारा सोडला. “किती सुंदर आवाज आहे हा,” ती म्हणाली. “कानात साठवून ठेवावासा वाटतो.”

“त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, बाई,” मामा मला म्हणाले. “आधी वाटलं, लाजेने. मग कळलं, पोट आनंदानेच भरलं होतं. त्याची जास्त लाज वाटली.”

यानंतर दर रविवारी संध्याकाळी समुद्र भरू लागला. मामा शनिवारीच वाटाणे निवडायचे, कातडं शेकून ताणायचे. लहान लाटा, मग मोठी, मग फेस मागे सरतो तशी सळसळ. बहीण मुलाशी चार शब्द बोलायची आणि म्हणायची, आता धर फोन बाहेर. ती गल्लीतल्या बायकांनाही बोलावून आणू लागली. स्पीकरवर समुद्र लावायचा आणि सगळ्यांनी हाताची घडी घालून गप्प बसायचं. माझ्या कुठल्याही नाटकाला इतका सज्जन प्रेक्षक मिळाला नव्हता.

मामा अधूनमधून बहिणीकडे जायचे. ती काचेतलं जहाज पदराने पुसायची आणि भावाला सांगायची, तू ऐकायला हवंस एकदा. तुमच्या नाटकात असतं का रे असलं काही? मामा ताटातली भाकरी मोडत राहायचे. मोडायचे, खायचे नाहीत.

दोन वर्षं नाही, पण वर्षाच्या वर हे चाललं. मधे एकदा खलाशी म्हणाला, “मामा, पुरे आता. येत्या रविवारी मी खरं सांगून टाकतो. रागावेल, रडेल, पण संपेल.”

मामा म्हणाले, थोडं थांब. सध्या तिची तब्येत नाजूक आहे. तब्येत काही नाजूक वगैरे नव्हती. ती त्या महिन्यात दिवसाला दुप्पट बाह्या शिवत होती.

मग त्या गल्लीत एक माणूस राहायला आला. नौदलात इंजिनखोलीत नोकरी करून निवृत्त झालेला. रुंद, लाल कानांचा, मोठ्याने बोलणारा. पोरांनी त्याचं नाव ‘बॉयलर’ ठेवलं. बहिणीने अर्थातच त्याला रविवारी पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्याने समुद्र ऐकला, कुठे आहे जहाज असं विचारलं, “भर समुद्रात” असं उत्तर ऐकलं, आणि चहा पिऊन उठला. तिच्यासमोर चकार शब्द बोलला नाही. पण पुढच्या खेपेला मामा आले तेव्हा त्याने त्यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

“मामा, रागावू नका,” तो म्हणाला. “भर समुद्रात लाट फुटत नाही. फुटायला तिला किनारा लागतो. जहाजावर ऐकू येतं ते इंजिन. दिवसरात्र इंजिन. समुद्र आहे हे आम्हाला पोटात कळायचं, कानात नाही.” मग त्याने डोळा मिचकावला. “पोरगं कुठल्या तरी बंदरात, कुणाच्या तरी गच्चीत बसून फोन करतंय. वय आहे. मी नाही सांगणार त्याच्या आईला.”

पाहा, या क्षणी काय व्हायला हवं होतं. चोर सुटला होता. त्याने तिथेच थांबायचं. पण मामांच्या मनात काय आलं, ते त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांना अपमान वाटला. तीस-पस्तीस वर्षं ते किनारा वाजवत होते आणि त्याला समुद्र म्हणत होते. आमच्या प्रांतात ही चूक धरायलाच कुणी नव्हतं. आम्ही सगळेच समुद्राला किनाऱ्यावरून ओळखणारे, तेही चित्रातल्या. त्यांनी बॉयलरला विचारलं, इंजिन कसं वाजतं? बॉयलर खूश झाला. गाल फुगवून, टपरीच्या फळीवर मुठी आपटून त्याने बराच वेळ जहाज चालवलं. टपरीवाल्याने शेवटी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

मामा परतले आणि कामाला लागले. कपडेपटातलं शिवणाचं मोडकं पायमशीन, त्यावर आडवी फळी, फळीवर पाण्याने अर्धा भरलेला डबा, बाजूला जुना टेबलफॅन. खलाशी शीतगृहातून आला तो दारातच थिजला. तो पुन्हा म्हणाला, मामा, नको. मामांनी त्याचा हात धरला आणि सांगितलं, एवढं एकदा होऊ दे, मग तू म्हणशील तसं.

रविवारी इंजिन सुरू झालं. मामा म्हणतात, त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात अचूक आवाज होता. बॉयलरने तिकडे मांडीवर थाप मारली म्हणे: आता आलं पोरगं कामावर.

बहीण मात्र घाबरली. ही घरघर कसली, तिने विचारलं, समुद्र कुठे गेला? मुलगा म्हणाला, इंजिन आहे आई, नेहमीचंच. नेहमीचं कसं, ती म्हणाली. इतके दिवस तर नव्हतं. बॉयलरने शपथेवर सांगितलं की वाजतंय म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. तो आपल्याला नुसता धीर देतोय, असा तिने अर्थ काढला. तिच्या यंत्रावर बाह्या उलट्या शिवल्या जाऊ लागल्या. रात्री तिचा डोळा लागेना. चार दिवसांनी तिने भावाला फोन केला. जिल्ह्याला सैनिकांच्या घरच्यांसाठी कचेरी आहे, तिथे जायचं ठरवलं होतं तिने. मुलाचं नाव द्यायचं, जहाजाचं नाव द्यायचं, आणि साहेबाला सांगायचं की इंजिन बिघडलंय, माणसं बुडायच्या आत बघा. “तू चल बरोबर,” ती म्हणाली. “तू नाटकातला माणूस, तुला बोलता येतं.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी ढगमामा माझ्या दारात उभे. चहा नको म्हणाले, बसले नाहीत, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कचेरीतला कारकून यादी बघणार आणि तिच्या तोंडावर म्हणणार, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. ते तिने परक्याकडून ऐकायच्या आधी मला सांगायचंय, पण एकट्याने जायला पाय उचलत नाही, म्हणाले. मी पर्स घेतली. खाली खलाशी उभाच होता. आम्ही तिघांनी बहिणीच्या गावची बस धरली. स्टँडवर उतरल्यावर मामांनी भाच्याला बाकावर बसवलं. आधी मी, असं म्हणाले.

बहिणीची खोली लख्ख होती. खिडकीशी यंत्र, शेजारी पांढऱ्या बाह्यांचा ढीग, समोर काचेतलं जहाज. कचेरीत जायचे कपडे तिने इस्त्री करून दोरीवर टाकले होते. आम्हाला पाहून ती यंत्रावरून उठणार होती. “बैस ताई,” मामा म्हणाले, आणि जमिनीकडे बघत सांगायला लागले.

या माणसाच्या वाट्याला रंगमंचावर कधी एक वाक्य आलं नव्हतं. पण ते अडखळले नाहीत. कान, बटाटे, कांदेवाला, वाटाणे, टेबलफॅन. काहीही गाळलं नाही. बहिणीचा हात यंत्राच्या चाकावर होता तसाच राहिला.

सगळं संपल्यावर तिने पहिलं विचारलं, “म्हणजे तो बुडणार नाही?”

“नाही ताई.”

तिने डोळे मिटले, उघडले. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काही उमटायला लागलं. कुठे राहतो तो, तिने विचारलं. माझ्याकडे, मामा म्हणाले. काम कसलं करतो, सुट्टी कधी असते? रविवारी, मामा म्हणाले.

“तुझ्याकडून सकाळची बस धरली तर माणूस जेवणाच्या वेळेला इथे पोचतो,” बहीण म्हणाली. आवाज चढला नव्हता. “दर रविवारी माझं पोर माझ्या ताटाशेजारी बसलं असतं. आणि मी वाटाणे ऐकत होते.”

मामांनी मान वर केली. मी त्यांचा चेहरा पाहिला. खोटं बोलण्याची चोरी त्यांना वर्षभर ठाऊक होती. त्या चोरीने त्यांचं अन्न कडू केलं होतं. पण चोरलं काय होतं, हे त्यांना त्या घटकेपर्यंत कळलंच नव्हतं. एवढा साधा हिशेब. बसचं वेळापत्रक.

“तो लहान आहे,” ती म्हणाली. “तू लहान नाहीस, बारक्या.”

“तो सांगणार होता गं. दोनदा म्हणाला. मीच थांबवलं.”

“का?”

मामांचे ओठ हलले, शब्द आला नाही. वाक्य विसरलेल्या कित्येकांना मी आयुष्यभर हळूच शब्द पुरवले आहेत. हा शब्दही मला ठाऊक होता, पण तो माझ्या तोंडून निघण्यात अर्थ नव्हता. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

बहिणीने वाट पाहिली आणि सोडून दिली. कुठे आहे तो, एवढंच विचारलं. स्टँडवर बसलाय, मामा म्हणाले, मी आणतो. तू राहू दे, ती म्हणाली, मीच जाते. तिने अंगावरचे दोरे झटकले, इस्त्रीचे कपडे तसेच दोरीवर ठेवून ती दारापर्यंत गेली, एका पायात चप्पल सरकवली आणि थांबली. भावाकडे वळली नाही. उंबऱ्याकडे बघूनच बोलली.

“एक विचारते. मी फोनवर एवढं कौतुक करायचे त्या समुद्राचं. तू तिकडे बसून मला हसायचास ना?”

“नाही गं ताई,” ढगमामा म्हणाले. “नाटक संपल्यावर नट वाकतात ना लोकांपुढे, तसा मी वाकायचो.”